टर्म विमा आणि एन्डोमेंट पॉलिसी: जिवंत राहिलो तर पैसे बुडाले का?

नोकरी लागून दोन-तीन पगार झाले की ओळखीतलं कोणी ना कोणी फॉर्म घेऊन येतंच. मामा असतील, शेजारचे काका असतील, वडिलांचे जुने सहकारी असतील. ‘आता कमावता झालास, एखादी पॉलिसी काढून ठेव. विमाही होईल आणि बचतही.’ या ‘विमाही आणि बचतही’पायी बावीस-पंचवीस वर्षांची मुलं वीस वर्षांच्या हप्त्यांना बांधून घेतात. त्यांनी सही करण्याआधी टर्म आणि एन्डोमेंट शेजारी ठेवून पाहावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

एन्डोमेंट मराठी घरात वाढलेल्या कोणाला समजावून सांगायला नको. दरवर्षी ठरलेला हप्ता भरायचा. मधे मृत्यू झाला तर विम्याची रक्कम घरच्यांना, नाही झाला तर तीच रक्कम बोनससकट आपल्याला. मनी-बॅकही त्याच जातीतली, फक्त त्यात थोडे थोडे पैसे मधेच परत येतात. टर्म विम्यात मृत्यू झाला तरच पैसे मिळतात. मुदत संपली आणि तुम्ही धडधाकट असाल तर हाती शून्य. कंपनी कोणती, ऑनलाइन घ्यावा की एजंटाकडून, हे सगळं दुय्यम आहे. टर्म विमा सरकारी कंपनीही विकते आणि खासगीही.

घोळ होतो तो या शून्यापाशी. ‘म्हणजे जिवंत राहिलो तर पैसे बुडाले?’ हा प्रश्न इंजिनिअरपासून सीएच्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळे विचारतात. बाइकचा विमा दरवर्षी भरताना, वर्षभरात अपघात झाला नाही म्हणून हप्ता परत मागायला कोणी जात नाही. आयुर्विम्याची गोष्ट निघाली की मात्र परताव्याशिवाय चैन पडत नाही. आणि एन्डोमेंटमध्ये परत मिळणारा पैसा कंपनी स्वतःच्या खिशातून देत नाही. तो तुमचाच, दरवर्षी जास्तीचा भरलेला असतो.

आकडेच मांडू. पंचवीस वर्षांचा मुलगा वर्षाला 50 हजारांच्या हप्त्याने वीस वर्षांची एन्डोमेंट घेतो. विम्याची रक्कम साधारण 10 लाख. बोनस हजारी 40 रुपये धरला, तर वर्षाला 40 हजार आणि वीस वर्षांचे 8 लाख. शेवटी हातात 18 लाख. ‘दहा भरले, अठरा मिळाले’ हे ऐकायला छान वाटतं. पण ते दहा लाख एकेक वर्षाने, काही वीस वर्षांसाठी तर काही एकाच वर्षासाठी गुंतलेले होते. तो हिशेब केला की परतावा निघतो वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. हजारी 40 म्हणजे चार टक्के व्याज, असंही अनेक जण धरून चालतात. तो बोनस फक्त विम्याच्या रकमेवर असतो. आधी जमलेल्या बोनसवर पुन्हा बोनस चढत नाही, म्हणजे चक्रवाढ नाहीच.

आता तेच 50 हजार वेगळे करा. त्या वयाच्या, सिगरेट न ओढणाऱ्या मुलाला 1 कोटीचा टर्म विमा वर्षाला साधारण दहा-बारा हजारांत मिळतो. 11 हजार धरू. उरलेले 39 हजार दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पीपीएफमध्ये, म्हणजे पंधरा वर्षांच्या सरकारी बचत योजनेत, टाकले आणि पंधरा वर्षांनी खातं आणखी पाच वर्षं वाढवलं. एप्रिल 2020 पासून पीपीएफचा दर 7.1 टक्के आहे. तोच कायम राहिला असं मानलं तर वीस वर्षांनी 17 लाख 30 हजारांच्या आसपास जमतात.

म्हणजे जिवंत राहिलात तर दोन्हीकडे जवळपास सारखेच पैसे. आणि तिसऱ्या वर्षी अपघात झाला तर? एन्डोमेंटमध्ये घरच्यांना दहा-बारा लाख, टर्ममध्ये एक कोटी. डोक्यावर 40 लाखांचं गृहकर्ज असेल तर दहा लाखांत आई-वडिलांनी काय करायचं? ज्या दिवसासाठी विमा घ्यायचा, त्याच दिवशी एन्डोमेंट तोकडी पडते. माझा राग याच गोष्टीवर आहे. परतावा कमी, ही तक्रार त्यापुढे किरकोळ आहे.

सही करण्याआधी ‘बेनिफिट इलस्ट्रेशन’ नावाचा कागद मागा आणि नीट वाचा. त्यात हमी असलेल्या रकमेशेजारी 4 टक्के आणि 8 टक्के असे दोन रकाने असतात. एजंटाचं बोट हमखास आठच्या रकान्यातल्या शेवटच्या आकड्यावर जातं. ते आठ टक्के म्हणजे कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेला अंदाज आहे. खर्च आणि विम्याचा भार वजा होऊन तुमच्या हाती त्याहून कमीच येतं, आणि त्याचीही हमी नसते.

‘टॅक्स वाचतो’ हे मार्च महिन्यातलं पालुपद आता तरी थांबावं. नव्या करप्रणालीत 80सीची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर मिळणारी, वजावट नाहीच, आणि आपण वेगळं काही निवडलं नाही तर तीच लागू होते. ‘रिटर्न ऑफ प्रीमियम’वाल्या टर्म पॉलिसीही मला पटत नाहीत. तिथेही जास्तीचा हप्ता घेऊन तोच, बिनव्याजी परत देतात.

मग प्रत्येकाने टर्म घ्यायलाच हवा का? नाही. आई-वडील कमावते आहेत, तुमच्यावर कोणी अवलंबून नाही, कर्ज नाही, तर आज आयुर्विम्याची गरजच नाही. आधी आरोग्य विमा घ्या आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा. पण शैक्षणिक कर्जावर वडिलांची सहकर्जदार म्हणून सही असेल, धाकट्या बहिणीचं शिक्षण तुमच्या पगारावर चाललं असेल, तर टर्म आजच घ्या. वार्षिक उत्पन्नाची दहा-पंधरा पट आणि त्यात डोक्यावरचं कर्ज मिळवून, इतकी विम्याची रक्कम असावी. फॉर्म स्वतः भरा. एजंटाने ‘सिगरेटचं लिहू नकोस, हप्ता वाढेल’ असं सुचवलं तर ऐकू नका. पहिल्या तीन वर्षांत क्लेम आला तर ही लपवाछपवी शोधून काढून कंपनी तो नाकारू शकते.

आणि ज्यांनी आधीच सही करून टाकली आहे? पॉलिसीचा कागद हातात पडून तीस दिवस झाले नसतील तर ‘फ्री लुक’खाली ती परत करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. मामा चार दिवस रुसतील, रुसू द्या. काही वर्षं भरून झाली असतील तर कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप असे दोन्ही आकडे लेखी मागवा. सरेंडर म्हणजे पॉलिसी आजच बंद करून मिळेल ती रक्कम घेणं. पेड-अपमध्ये पुढचे हप्ते थांबतात आणि आजवर भरल्याच्या प्रमाणात कमी झालेली रक्कम मुदतीअखेर मिळते. शेवटची तीन-चार वर्षंच उरली असतील तर बहुतेक वेळा पॉलिसी पूर्ण करणंच बरं. मात्र जुनी बंद करायचं ठरलं तरी नवा टर्म विमा मंजूर होऊन कागद हाती येईपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नका.