एकट्याच्या दिनक्रमामागची मुंबई

एक लहान खोली, ठरलेल्या वेळी उठणे, स्वतःपुरता भात-आमटीचा स्वयंपाक, रोजची तीच फेरी, दुपारचे वाचन आणि रात्री वेळेवर झोप, एवढ्यावर समाधानाने जगता येते, असे अलीकडे मुंबईत पुष्कळ जण बोलून दाखवतात. निवृत्त झालेले, घरून काम करणारे आणि लग्न न करण्याचे ठरवलेले असे निरनिराळ्या वयांचे लोक त्यांत आहेत, आणि आपण काही नवे निवडले आहे अशी त्यांच्यापैकी अनेकांची समजूत असते. वास्तविक एकट्याचा, ठरीव आणि काटकसरीचा दिनक्रम या शहरात दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. फरक इतकाच की, आरंभी तो कोणी निवडलेला नव्हता.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. त्याआधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली होती. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची दाटी झाली, आणि त्यांत राबायला रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून माणसे आली. ही माणसे बहुतेक एकटी आली. गावची जमीन तुटपुंजी असली तरी ती सोडवत नव्हती, आणि मुंबईच्या मजुरीत व भाड्यात बिऱ्हाड करणे परवडत नव्हते. त्यामुळे बायको-मुले, आईवडील आणि गुरे गावी, आणि कमावता पुरुष मुंबईत, अशी घराची विभागणी झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतील जनगणना पाहिल्या, तर शहरातील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक दिसते. ‘चाकरमानी’ म्हणून कोकणात ज्याची वाट पाहिली जाई, तो वर्षाचे दहा-अकरा महिने असा एकट्याने काढत असे.

या माणसाच्या दिवसाला अर्थ कुठून मिळत होता, याचे पहिले उत्तर पोस्टात सापडते. हिंदुस्थानात १८८० मध्ये टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली, आणि पगारानंतर पोस्टाच्या खिडकीसमोर रांग लावणे हा चाकरमान्याच्या महिन्यातला एक ठरलेला विधी झाला. त्याचे कष्ट मुंबईत होते, पण त्या कष्टांचे प्रयोजन गावी होते: धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, कौले फिरवायची राहिलेले घर. आजच्या एकट्या माणसाशी त्याची तुलना करताना हा भेद विसरता येत नाही. एकट्याच्या रुक्ष दिनक्रमातही कोणासाठी तरी राबल्याचे समाधान असू शकते, आणि मला वाटते, त्या काळी बहुतेकांना तेवढ्यावरच निभावून न्यावे लागले.

राहण्याच्या जागेत एकांत असा नव्हताच. १८९६ च्या प्लेगने वस्त्यांची दैना उघडी पडल्यावर १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० च्या दशकात विकास खात्याने, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी उभ्या केल्या. या बीडीडीतील खोली साधारण १६० चौरस फुटांची. एखाद्या गावच्या मंडळींनी अशी खोली मिळून भाड्याने घ्यायची, दिवसपाळीवाल्याने वळकटी गुंडाळली की रात्रपाळीवाल्याने तिथेच आपली पसरायची, असा प्रकार सर्रास चाले. भिंतीकडेला रांगेने पत्र्याच्या ट्रंका, वर खुंटीवर प्रत्येकाचा सदरा, कोनाड्यात सगळ्यांचा मिळून एक देव्हारा. स्वतःचे म्हणावे असे जे काही होते, ते त्या ट्रंकेत मावे. धोबी तलावाच्या बाजूला गोव्याच्या खलाशांसाठी आणि नोकरदारांसाठी ‘कूड’ नावाची अशीच गाववार वसतिस्थाने होती, आणि तिथे संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना, म्हणण्याचा दंडक होता.

एवढ्या गर्दीत एकांत हवा असेल, तर तो वेळेतून काढावा लागे. पहाटे नळ सुटण्याआधीचा अर्धा तास किंवा सगळे निजल्यावरचा कंदिलाचा उजेड, हीच एकट्याची जागा. याचे सर्वांत ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत मिळते. परळच्या चाळीतील एका खोलीत स्वयंपाक, सामान आणि माणसे सारेच असल्यामुळे वडील रामजी सकपाळ रात्री उशिरापर्यंत जागत, दोनच्या सुमारास मुलाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत. मुलगा मिणमिणत्या दिव्यापाशी अभ्यासाला बसे. पुढे दादरच्या ‘राजगृहा’त हजारो ग्रंथांच्या सहवासात त्यांनी जो अभ्यास केला, त्याची घडी या रात्रींनी बसवली होती असे मानायला जागा आहे.

दिनक्रम ठरीव होण्याचे श्रेय, किंवा दोष, गिरणीच्या भोंग्याकडे जाते. गावचे काम उन्हाच्या आणि पावसाच्या हिशेबाने चाले, मुंबईत घड्याळ आले. तेही सरळपणे आले नाही: १९०६ मध्ये हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती, शहरात तिला कडाडून विरोध झाला, आणि महापालिकेने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे आपली घड्याळे जुन्या ‘मुंबई टाइम’वरच ठेवली. कामगाराच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न भोंगा किती वाजता होतो यापेक्षा सुटका किती वाजता होते, हा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आधार दिला, १९११ मध्ये कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास १२ वर आले, १९२२ मध्ये ११ आणि १९३४ मध्ये १० झाले. साध्या दिनक्रमात समाधान शोधण्याविषयी आज जे लिहिले जाते, त्यात हा भाग सहसा येत नाही. संध्याकाळ मोकळी असल्याखेरीज ती कशी घालवावी हा प्रश्नच पडत नाही, आणि ही मोकळी संध्याकाळ लढून मिळवावी लागली.

दिवसाचा कणा होता तो खाणावळीचा. चाळीतल्याच एखाद्या बाईच्या खोलीवर दहा-वीस, कधी त्याहूनही अधिक माणसे जेवायला लावलेली असत. खाणावळवालीचा दिवस आपल्या गिऱ्हाइकांच्या आधी सुरू होई, कारण पहिल्या पाळीच्या माणसाचा डबा पहाटेच तयार लागे. मग दुसऱ्या पाळीचे जेवण, मग संध्याकाळचे. ताटात भाकरी किंवा चपाती, कालवण, भात, आठवड्यातून ठरलेल्या वारी मासळी नाहीतर मटण. हिशेब महिन्याचा, खाडे वजा करून, आणि पैसे पगार झाल्यावर. पगार लांबला किंवा संप झाला की उधारीचा सगळा भार तिच्यावर येई, आणि वाण्याकडे किंवा सावकाराकडे तिचेच दागिने अडकत. एकट्या पुरुषाच्या त्या ‘साध्या’ जीवनाचा खर्च प्रत्यक्षात कोण उचलत होते, हे इथे कळते. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. म्हणजे खाणावळी चालू होऊन कैक दशके उलटल्यावर त्यांची संस्था म्हणून दखल घेतली गेली.

कारकुनी पेशातल्या एकट्यांची सोय थोडी निराळी होती. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेली डबे पोचवण्याची व्यवस्था घरचे अन्न कचेरीत आणून देई. दादरला १९१० मध्ये मामा काण्यांचे उपाहारगृह निघाले, आणि माटुंग्याला दक्षिणेतून आलेल्या टंकलेखक-लघुलेखक तरुणांमुळे मेस आणि बोर्डिंगांची वस्तीच तयार झाली, ए. रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग १९४२ चे. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाशी एक चहा घेऊन, वर्तमानपत्राचे एकेक पान शेजाऱ्यांत वाटत तासभर बसता येई आणि कोणी हटकत नसे. तो तासभर एकट्याच्या दिवसात फार मोलाचा असे.

पोट भरल्यावर मन कुठे न्यायचे, यासाठीही शहराने जागा केल्या होत्या. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये स्थापन झाले. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून कामगार वस्तीत रात्रशाळा आणि मोफत वाचनालये चालवली. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याला चाळीतले भजन होते: गुरुवारी किंवा एकादशीला पेटी, पखवाज, टाळ निघत, आणि एरवी दिवसभर सांच्यावर, म्हणजे मागावर, कोणाशी न बोलता उभा असलेला माणूस तिथे हरिपाठ म्हणे. तुकोबा एकांतासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर जात, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या वाट्याला डोंगर नव्हता, म्हणून त्याने गॅलरीच्या टोकाशी बसून नाम घेतले. या परंपरेमुळे एकटे बसणे विचित्र ठरले नाही, असे मला वाटते. पहाटे माळ ओढणाऱ्या किंवा पोथी वाचणाऱ्या माणसाला कोणी ‘एकटा पडला’ असे म्हणत नसे.

स्त्रियांचा इतिहास यात फार थोडा येतो, आणि तो सक्तीचा अधिक आहे. विधवेला एकटेपण लादले जाई, पण स्वतःची खोली आणि स्वतःचा वेळ मिळत नसे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन आणि १९०८ चे सेवासदन यांनी शिक्षण आणि पेशा यांचा मार्ग दाखवला. शिक्षिका आणि परिचारिका म्हणून स्वतःच्या कमाईवर एकटीने राहणारी स्त्री शहरात दिसू लागली ती त्यानंतर, आणि तिलाही भाड्याची खोली मिळताना शंभर प्रश्नांना तोंड द्यावे लागे. ते प्रश्न अजून पुरते संपलेले नाहीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने ही सगळी घडी विसकटली. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. गिरण्या एकेक करून बंद झाल्या, खाणावळींची गिऱ्हाइके गेली, आणि अनेक चाकरमानी कायमचे गावी परतले. जे उरले, ते १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या भाड्यात टिकलेल्या खोल्यांत म्हातारे झाले. मुले डोंबिवली, विरार, बदलापूरकडे गेली, जोडीदार गेला, आणि पूर्वी बारा जण झोपत त्या खोलीत एकच माणूस उरला. त्याचा दिनक्रम जवळपास आजोबांचाच आहे: पहाटेचा नळ, राणीबागेची किंवा शिवाजी पार्कची फेरी, वाचनालयात वर्तमानपत्र, दुपारी डब्याचे जेवण. मात्र त्या फेरीत ओळख देणारी माणसे, उधारीवर जेवू घालणारी बाई आणि आठवड्याचे भजन हळूहळू कमी झाले आहे.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना १६० ऐवजी ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, आणि वरळीतील पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या देण्यात आल्या. स्वतःचे संडास-न्हाणीघर आणि बंद होणारे दार ही या माणसांच्या दोन पिढ्यांची मागणी होती, आणि चाळीच्या आठवणींनी गहिवरून येणाऱ्यांनी तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण चाळीची सामायिक गॅलरी ही एकट्या माणसाची फुकटची सोय होती. सकाळी दहापर्यंत त्याचे दार उघडले नाही तर शेजारचा कडी वाजवत असे. उंच इमारतीत ते काम आपोआप होणार नाही. ते कोणी तरी नेमून घ्यावे लागेल, आणि नव्या सोसायट्यांच्या पहिल्या सभांत लिफ्टची देखभाल आणि वाहनतळ यांच्याइतकाच वाचनालयाच्या खोलीचा आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या रोजच्या चौकशीचा विषय निघायला हवा.