ऑयलरने टाळलेले भागाकार

२,१४,७४,८३,६४७. ही संख्या प्रोग्रामरांच्या चांगली ओळखीची आहे: ३२ बिटांत धन आणि ऋण पूर्णांक साठवायचे ठरवले, तर याच्या पुढे जाता येत नाही. २ चा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते. ती मूळ संख्या आहे हे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७७२ साली दाखवले, अर्थात कागदावरच.

मूळ संख्या ओळखण्याचा सरळसोट मार्ग म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघणे. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे, आणि तोवर ४,७९२ मूळ संख्या येतात. दहा अंकी संख्येचे इतके भागाकार हाताने करायचे म्हणजे शिक्षाच. ऑयलरने त्यांतले बहुतेक केलेच नाहीत.

समजा, ‘क’ या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. मग २ च्या ३१ व्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरणार. २, ४, ८, १६ असे घात घेऊन त्यांच्या बाक्या मांडत गेलो, तर १ आला की तेच चक्र पुन्हा सुरू होते. ३१ स्वतः मूळ असल्याने हे चक्र ३१ पायऱ्यांपेक्षा आखूड असू शकत नाही. आता फर्माचे प्रमेय सांगते की (क − १) व्या पायरीलाही बाकी १ च येते. म्हणजे क − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. शिवाय क विषम, म्हणून क − १ सम. थोडक्यात, क ला ६२ ने भागले की बाकी १ उरली पाहिजे. बाकीच्या सगळ्या संख्या न तपासताच बाद!

हा नियम छोट्या उदाहरणात लगेच दिसतो. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २,०४७. ११ मूळ असूनही ही संख्या मूळ नाही, ती २३ × ८९ आहे. दोन्ही विभाजकांना २२ ने भागून पाहा, बाकी १ च.

ऑयलरकडे आणखी एक चाळणी होती: क ला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. (याची सिद्धता बरीच खोलात जाते, ती इथे सोडून देतो.) दोन्ही अटी एकत्र लावल्या की वर्गमुळापर्यंत सुमारे ३७० संख्या उरतात, आणि त्यांतल्या मूळ तेवढ्याच घेतल्या तर शंभरही भरत नाहीत. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही.

मग मोह होतो, हीच दोन अब्जांची संख्या घातांक म्हणून वापरली तर? २ चा २,१४,७४,८३,६४७ वा घात, वजा १. चौसष्ट कोटींहून जास्त अंक! पण ती मूळ नाही. तिचा एक विभाजक सापडला आहे: २९,५२,५७,५२,६६,२६,०३१. त्यातून १ वजा करा आणि उरलेल्याला २,१४,७४,८३,६४७ ने भागा. उत्तर नेमके १,३७,४९० येते, सम संख्या, नियमात बसणारी.