ड्रॅगस्टरचं इंजिन मागे गेलं, त्यामागची गोष्ट

रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, क्लचभोवतीचं पोलादी कवच, तुटलेला ड्राइव्हशाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) खाली पडू न देणारं कडं, पॅराशूट. ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, गाडीतले सुरक्षेचे बहुतेक बदल कुणाला तरी इजा झाल्यावरच आले. सगळ्यांत मोठा बदल इंजिनाच्या जागेचा, आणि तोच सर्वांत जास्त रखडला.

1960 च्या दशकातल्या ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे या शर्यतीच्या लांबट, उघड्या गाडीत, इंजिन पुढे असे आणि चालक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. क्लच आणि गिअरबॉक्स त्याच्या दोन पायांच्या मध्ये. इंजिन फुटलं की तापलेलं तेल आणि ज्वाळा थेट तोंडावर येत. हे सर्वांना दिसत होतं, तरी इंजिन मागे न्यायला कुणी धजावत नव्हतं. तसे प्रयोग झाले होते, पण त्या गाड्या वेगात आडव्या जात. खापर फुटलं इंजिनाच्या जागेवर.

8 मार्च 1970 ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ट्रॅकवर गिअरबॉक्स फुटला आणि एका नामांकित चालकाच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्याने मागे इंजिन असलेली गाडी बांधायला घेतली. चाचणीत तीही सरळ जाईना. मागे बसलेल्या चालकाला गाडीची शेपटी सरकताच अंगाला कळे. पुढच्या चाकांजवळ बसल्यावर ते उशिरा कळतं, मग हात गरजेपेक्षा जास्त वळतो आणि गाडी उलट बाजूला जाते. उपाय साधा होता: स्टिअरिंगचं गुणोत्तर बदललं. हात तेवढाच फिरवला तरी पुढची चाकं आता कमी वळू लागली, आणि गाडी सरळ धावली. एवढ्याशा दुरुस्तीअभावी कितीतरी चालक आणखी काही वर्षं ज्वाळांच्या मागे बसत राहिले, हे मला आजही सलतं.

1971 मध्ये तीच गाडी कॅलिफोर्नियातल्याच पोमोनाच्या शर्यतीत जिंकली. काही हंगामांतच वरच्या वर्गातल्या ड्रॅगस्टरमधून पुढचं इंजिन हद्दपार झालं. फनी कारमध्ये, म्हणजे नेहमीच्या मोटारीसारखं कवच चढवलेल्या ड्रॅग गाडीत, मात्र ते आजही पुढेच आहे. म्हणून तिथे आग विझवणारी यंत्रणा आणि चालकाला बाहेर पडायची छतातली झडप यांना एवढं महत्त्व.

2008 मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला फनी कारच्या चालकाचा मृत्यू झाल्यावर नायट्रोमिथेन या इंधनावर धावणाऱ्या दोन वरच्या वर्गांची शर्यत 402 मीटरवरून 305 मीटरवर आणली गेली, म्हणजे थांबायला जास्त जागा. तेव्हा तात्पुरता म्हटलेला हा निर्णय पुढे कायम राहिला. त्यानंतर इंजिनात स्फोट होताच इंधन तोडून पॅराशूट उघडणारी यंत्रणाही या गाड्यांत आली.