बोर्डाखालचं हातभर पातं

विंडसर्फिंग बघताना नजर शिडावर खिळते. सात-आठ चौरस मीटरचं, वाऱ्याने टरारून फुगलेलं ते शीड दिसतंही झकास. त्याला टक्कर देणारा भिडू मात्र पाण्याखाली असतो. बोर्डाच्या शेपटाशी बसवलेली ही फिन साधारण 40 सेंटिमीटर लांब, आणि क्षेत्रफळ 350 चौरस सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाच्या निम्म्याहून थोडंसं जास्त. एवढ्याशा पात्याला शीड कसं आवरतं? कारण पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट असते.

फिनला बरेच जण सुकाणू समजतात. ती खरं तर पंख आहे, उभा लावलेला. वारा शिडाला बाजूने रेटतो, त्यामुळे बोर्ड पुढे जाताना किंचित आडवाही सरकतो. पाणी मग फिनवर तीन-चार अंश तिरकं येतं. पात्याच्या वाऱ्याकडच्या अंगाला दाब उतरतो, दुसऱ्या अंगाला वाढतो आणि फिन वाऱ्याच्या बाजूला ओढ घेते. ओला साबण मुठीत दाबला की सुळकन पुढे निसटतो ना? शीड आणि फिन यांच्या चिमटीत बोर्डाचं तेच होतं.

आता खरी मेख. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग 20 नॉटवरून (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर) 28 नॉटवर गेला, तर तीच फिन त्याच कोनात जवळपास दुप्पट जोर लावते. हिशोब मांडला तर 350 चौरस सेंटिमीटरचं पातं 20 नॉटला, चार अंशांच्या आसपासच्या कोनात, 55-60 किलो वजनाइतका रेटा सहज पेलतं. म्हणून जोराच्या वाऱ्यात, लहान शिडाबरोबर, फिनही लहान लावतात. हलक्या वाऱ्यात उलट. बोर्ड पाण्यावर उचलला जाऊन घसरू लागण्याआधी वेग कमी असतो, तेव्हा जोर हवा तर क्षेत्रफळच वाढवावं लागतं.

मग मोठी फिन लावून मोकळं का होऊ नये? एक तर घर्षण वाढतं. दुसरं कारण तरफेचं. लांब फिनची ओढ बोर्डाच्या बरीच खाली लागते आणि बोर्डाची वाऱ्याकडची कड वर उचलू पाहते. त्या कडेवर उभा असलेला माणूस आपल्या वजनाने ती दाबून धरतो. बोर्ड जितका रुंद, तितकं माणसाचं वजन मध्यापासून लांब पडतं आणि तितकी लांब फिन पेलता येते. फॉर्म्युला या शर्यतीच्या प्रकारातल्या बोर्डांची रुंदी एक मीटर आणि फिन 70 सेंटिमीटर असते ती याच कारणाने. अरुंद बोर्डाला तसली फिन लावून जोराच्या वाऱ्यात गेलात, तर बोर्ड हवेत उलटायलाच निघतो.

फिन लहान पडली की गंमत वेगळी. मागच्या पायाखालची पकड अचानक जाते, शेपूट भसकन बाजूला घसरतं. याला स्पिन-आउट म्हणतात. कमी दाबाच्या अंगाला वरची हवा पात्यालगत खाली खेचली जाते, पाण्याच्या जागी हवेचा कप्पा तयार होतो आणि ओढ संपते. खवळलेल्या पाण्यात, किंवा मागच्या पायाने जास्तच रेटल्यावर हे हमखास होतं. नवशिका घाबरून आणखी जोरात रेटतो, आणि तिथेच फसतो. पायाचा जोर काढून शेपूट अंगाखाली ओढून घेतलं की पाणी पात्याला पुन्हा चिकटतं. कधी दोष आकाराचा नसतोच. दगडाला घासून फिनच्या पुढच्या धारेला पडलेला नखाएवढा खवलाही प्रवाह बिघडवतो. नवी फिन घेण्याआधी त्या धारेवरून बोट फिरवून बघावं आणि खवला असेल तर बारीक पॉलिश पेपर पाणी लावून घासावा, हे माझं ठाम मत.

आकाराचं थोडक्यात. लांब, अरुंद पात्याच्या टोकाशी भोवऱ्यांत जोर कमी वाया जातो. शर्यतीला ते बरं. लाटांवर झटपट वळायचं तर आखूड, मागे झुकलेली फिन. शेवाळ, पाणवनस्पती असतील तर 45 अंशांच्या आसपास तिरपी, म्हणजे गुंता निसटून जातो. पातं किती लवचीक आहे हेही महत्त्वाचं: वाऱ्याचा झोत आला की लवचीक टोक थोडं पिळून जादा जोर सोडून देतं, ताठ कार्बनचं टोक तो सगळा पायात पोहोचवतं.

वेगाचं वेड असलेले याही पुढे जातात. नामिबियातल्या लुडरिट्झ इथल्या खास खणलेल्या कालव्यात फ्रान्सच्या आंत्वान अल्बोने 2015 मध्ये 500 मीटरवर सरासरी 53.27 नॉट, म्हणजे ताशी 98 किलोमीटरहून जास्त वेग गाठला होता. अशा एकाच दिशेच्या धावांसाठी असममित फिन्सही बनवतात: पात्याचं एक अंग फुगीर, दुसरं जवळजवळ सपाट. ओढ एकाच बाजूला जास्त, आणि तीही कमी रोध सोसून. उलट दिशेने परतायचं म्हटलं तर तीच फिन सहकार्य करत नाही. मग बोर्ड उचलायचा आणि जमिनीवरून परत सुरुवातीला जायचं.