हात वाकतो तेव्हा मागचा स्नायू सैल कोण सोडतं?

कोपर वाकवताना पुढचा बायसेप्स आवळतो, मागचा ट्रायसेप्स सैल पडतो आणि हात सरळ करताना बरोबर उलट, एवढं शाळेत शिकवतात. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून जोडी लागते, हे तर दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्यालाही कळलं होतं, पर्गामम शहरात ग्लॅडिएटर्सच्या जखमा बघून बघून त्याने स्नायूंवर बरंच लिहून ठेवलंय. पण मागचा स्नायू नेमक्या वेळी सैल पडतो कसा, हे कोडं पुढची सतराशे वर्षं सुटलं नाही आणि मला या सगळ्या इतिहासात तेच सगळ्यात भारी वाटतं.

सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त, त्याचं म्हणणं असं की नसांमधून एक सूक्ष्म वायूसारखा द्रव येतो आणि तो एका स्नायूतून समोरच्या स्नायूत गेला की एक फुगतो, दुसरा ढिला पडतो. 1660 च्या दशकात स्वामरडॅम या डच शास्त्रज्ञाने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत ठेवून तो आवळायला लावला, नळीच्या टोकाला पाण्याचा थेंब, स्नायू फुगला असता तर थेंब वर सरकला असता, पण तो काही वर गेला नाही. म्हणजे बाहेरून काही भरलं जात नाही. मग बोरेली या इटालियन शास्त्रज्ञाने 1680 मध्ये छापून आलेल्या पुस्तकात हाडांना तरफा मानून हिशोब मांडला, पण सैल पडण्याचं कोडं तसंच राहिलं.

ते सोडवलं शेरिंग्टन या ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञाने, 1890 च्या दशकात. त्याने माकडाच्या डोळ्याच्या बाकीच्या स्नायूंच्या नसा कापल्या, फक्त बाहेरच्या बाजूला ओढणाऱ्या स्नायूची ठेवली, तरीही डोळा आत वळवायची आज्ञा मिळाल्यावर तो बाहेरून मध्यापर्यंत परत आला, म्हणजे आत ओढणारं कोणी नसताना निव्वळ तो एक स्नायू सैल सोडल्यामुळे! थोडक्यात, मज्जासंस्था एकाला 'आवळ' सांगताना दुसऱ्याची आज्ञा थांबवते, सैल पडणं आपोआप होत नाही, ते करवलं जातं. 1932 चं नोबेल शेरिंग्टनला एड्रियन या दुसऱ्या ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञासोबत मिळालं.

हे थांबवणं किती महत्त्वाचं ते धनुर्वातात दिसतं. त्याचं विष नेमके हे थांबवणारे संदेशच अडवतं, मग जोडीतले दोन्ही स्नायू एकदम आवळतात आणि ज्याची ताकद जास्त तो जिंकतो, म्हणून जबडा मिटलेलाच राहतो आणि पाठ मागे वाकते.