हापशीचे पाणी आणि टी-स्कोअर

साठी उलटलेली बाई निंदणाला वाकली आणि पुढे कायमचीच वाकून राहिली, तर विदर्भातल्या गावांत "आता वय झालं" एवढे म्हणून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात अशा पोकामागे बरेचदा दबलेले मणके असतात. आतून विरळ झालेला मणका पुढच्या बाजूने खचतो, आणि त्यासाठी पडावेच लागते असे नाही. पाण्याची गुंडी उचलण्याचे निमित्तही पुरते. साध्या एक्स-रेमध्ये ही विरळता फार उशिरा दिसते, कारण सुमारे ३० टक्के खनिज निघून गेल्याशिवाय फिल्मवरचा फरक डोळ्याला सहसा जाणवत नाही.

ही झीज आधीच मोजणारी तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. यात दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून पाठवतात. हाड आणि मांस त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवत असल्याने, दोन्ही मोजमापांच्या फरकावरून मांसाचा वाटा वजा करता येतो आणि केवळ हाडातले खनिज, दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम, असे हाती लागते. बाईला दहा-पंधरा मिनिटे पाठीवर पडून राहायचे असते, सुई टोचत नाहीत, आणि मिळणारे किरण इतके थोडे असतात की निसर्गातून तेवढे एक-दोन दिवसांत आपोआप मिळतात. करदोडा आणि पिना मात्र आधी काढून ठेवाव्या लागतात, कारण धातूची सावली हाडाच्या हिशेबात मिसळते.

आलेल्या आकड्याची तुलना निरोगी तरुण वयातील सरासरीशी करून टी-स्कोअर काढतात; सरासरीइतकी घनता म्हणजे शून्य, त्याहून कमी असेल तर उणे आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार उणे १ पर्यंत हाड ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार. शिबिरांत टाचेवर लावतात ते यंत्र ध्वनिलहरींचे असते. त्यावरून कोणाला पुढे तपासायचे याची चाळणी लावता येते, या निकषाने निदान करता येत नाही.

इथवरचे कोणत्याही शहराला लागू आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत मात्र एक वेगळी गुंतागुंत आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. तिथल्या हापशीच्या आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. याहून बरेच जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की ते हाडाच्या स्फटिकांत शिरून बसते. हाड दाट होते, पण त्याची घडण बिघडते, आणि स्नायुबंधांतही चुना साचू लागतो. यंत्र फक्त खनिज मोजते, त्यामुळे कंबर धरून आलेल्या बाईच्या मणक्यांचा टी-स्कोअर चांगला येऊ शकतो, अगदी शून्याच्या वरही.

दाट हाड म्हणजे मजबूत हाड नव्हे, याचा पुरावा अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या १९९० च्या एका चाचणीत मिळाला. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या २०२ स्त्रियांपैकी निम्म्यांना चार वर्षे औषध म्हणून सोडियम फ्लोराइड दिले. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, तरी मणके दबण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. उलट इतर हाडे अधिक मोडली. मनगटाकडच्या लांब हाडाची घनता तर ४ टक्क्यांनी उतरली होती.

म्हणून अशा गावातल्या बाईने स्कॅनला जाताना कोणत्या हापशीचे पाणी किती वर्षे प्याले हे डॉक्टरांना सांगावे, फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे तपकिरी डाग असतील तर तेही दाखवावेत, आणि मणक्यांबरोबर खुबा व मनगट यांचेही मोजमाप होईल का ते विचारावे. मणक्यांचा आकडा भरघोस आणि मनगटाचा उतरलेला असेल, तर त्या अहवालाशेजारी पाणीतपासणीचा कागद ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.