"त्यांच्या घराण्यातच आहे ते"

आपल्याकडे मालवण असो की गुहागर, एखाद्या घरात दोन बायकांना कॅन्सर झाला की शेजारीपाजारी हे वाक्य हळू आवाजात बोलून मोकळे होतात. खरं म्हणजे बहुतेक कॅन्सर घराण्यातून येतच नाहीत, साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात. पण ज्या घरात खरंच तसं असतं तिथे हे वाक्य डोक्यात घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगत असतात, आणि मला वाटतं जेनेटिक काऊन्सेलिंगचं, म्हणजे आनुवंशिक बिघाडाची टेस्ट करायच्या आधी आणि नंतर घरच्यांशी बसून बोलण्याचं, खरं काम इथूनच सुरू होतं, टेस्टसाठी रक्त काढायच्या आधीच.

काऊन्सेलर पहिल्यांदा कागद पेन घेऊन तीन पिढ्यांचा नकाशा काढतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कॅन्सर असेल तर आकृती काळी. आता आपली पंचाईत अशी की आजी कशाने गेली हे कोणी धड सांगितलेलंच नसतं. "आमच्या आत्येच्या पोटात पाणी झाला आणि ती गेली", एवढंच. हे पोटातलं पाणी बऱ्याच रोगांत होतं, पण अंडाशयाच्या कॅन्सरमध्येही होतं, म्हणून तेवढं ऐकलं तरी काऊन्सेलर थांबून वय विचारतात. चाळिशीतली असेल तर प्रश्न वाढतात. आणि आत्या म्हणजे वडिलांकडची, स्तनाचा कॅन्सर फक्त आईकडूनच येतो असं धरून चालणाऱ्यांना इथे पहिला धक्का बसतो. निम्मं कुटुंब मुंबईला चाकरमानी, मग डोंबिवलीच्या काकीला फोन लावा, आणि तिथून कधी कधी असं काही बाहेर पडतं की ते सगळ्यांपासून वीस वर्षं लपवलेलं असतं. तो कागद भरता भरताच लोकांना रडू येतं.

ज्या जीन्सबद्दल, म्हणजे जनुकांबद्दल, सगळ्यात जास्त अभ्यास झालाय ती म्हणजे बीआरसीए1 आणि बीआरसीए2. 1994 आणि 1995 मध्ये सापडली. ती पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करायला लागतात, त्यातलं एक बिघडलेलं आलं की धोका वाढतो. 2017 चा एक मोठा अभ्यास आहे, त्यात असा बिघाड असलेल्या बायकांना 80 वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास निघाली, अंडाशयाच्या कॅन्सरची बीआरसीए1 ला 44 आणि बीआरसीए2 ला 17 टक्के. मुलामुलींकडे हा बिघाड जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी.

आता असे आकडे ऐकून माणूस कोलमडून पडेल असंच कोणालाही वाटणार, सुरुवातीला डॉक्टरांनाही हीच भीती होती. पण अभ्यासांत दिसलं ते वेगळंच. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, म्हणजे बिघाड सापडला, की टेन्शन वाढतं, झोप उडते, पण बहुतेकांचं ते साधारण वर्षभरात पूर्वीच्या पातळीवर येतं. उलट 1998 मधल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्यांना कॅन्सरची धास्ती आधीच खूप होती आणि ज्यांनी रिपोर्ट नको म्हटलं, त्यांच्यातच पुढच्या सहा महिन्यांत नैराश्य वाढलेलं दिसलं. म्हणजे "न कळलेलंच बरं" हे सगळ्यांना लागू पडत नाही. अर्थात म्हणून कोणाच्या मागे लागून टेस्ट करायला लावायची असं नाही हं, नको म्हणण्याचा हक्क आहेच.

त्रास होतो तो भलत्याच जागी. दोघी बहिणींनी टेस्ट केली, एकीचा पॉझिटिव्ह, दुसरीचा निगेटिव्ह, तर जिचा निगेटिव्ह ती आनंद करायचा सोडून गप्प गप्प राहते, मीच का सुटले म्हणून. आईला वाटतं माझ्यामुळे लेकीच्या वाट्याला आलं, तिने काही मुद्दाम दिलेलं नसतं तरी. हे साध्या डिप्रेशनच्या प्रश्नावलीत पकडता येईना, म्हणून 2002 मध्ये खास 25 प्रश्नांची वेगळी प्रश्नावली तयार झाली, मिक्रा नावाची, त्यात कुटुंबाला सांगताना त्रास झाला का हेही विचारतात. आपल्याकडे तर लेकीचं स्थळ जमेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही हा हिशोब आधी, बाकी सगळं नंतर.

आणि एक तिसरा निकाल असतो, तो सगळ्यात छळतो. देवळात कौल लावला की उजवा पडतो नाहीतर डावा, रिपोर्टचं तसं नाही, तो कधी कधी म्हणतो जीनमध्ये बदल दिसलाय पण त्याचा अर्थ अजून ठाऊक नाही. जगातला बराचसा जनुकीय डेटा युरोपीय वंशाच्या लोकांचा असल्यामुळे आपल्या लोकांत असे रिपोर्ट जास्त निघतात. पुढे त्यातले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात, पण तोवर बाई गुगल करत रात्र काढते. म्हणून असा रिपोर्ट येऊ शकतो हे टेस्टच्या आधीच सांगून ठेवायचं असतं, आणि नुसत्या अशा रिपोर्टवर ऑपरेशन करायचं नसतं.

पॉझिटिव्ह असेल तर निदान करण्यासारखं काही असतं, पंचविशी-तिशीपासून स्तनांचा नियमित एमआरआय, मुलंबाळं झाल्यावर बीआरसीए1 वाल्यांना साधारण 35 ते 40 मध्ये अंडाशय काढायचा सल्ला. खारघरच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये यासाठी वेगळी क्लिनिक आहे, आपल्याकडून पनवेलला उतरलं की जवळच.

राहता राहिले भाऊ. बहिणीने फोन केला की "बायकांचं आहे ते, मला काय सांगतेस" म्हणून ठेवून देतात. पण बिघाड भावाकडेही तेवढ्याच शक्यतेने आलेला असू शकतो, बीआरसीए2 असेल तर प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचा धोका त्याचा स्वतःचा वाढतो, आणि त्याच्याकडून तो त्याच्या मुलीकडे जाऊ शकतो. त्यामुळे काऊन्सेलर नातेवाईकांसाठी एक चिठ्ठी लिहून देतात, जीनचं नाव आणि नेमका बदल लिहिलेली. गणपतीत सगळे घरी आले की ती भावाच्या हातात द्यायची, वहिनी समोर असताना.